कर्नाळ्याचा फुजी

तुम्ही हसाल, पण जपानीतलं एकच वाक्य मला येतं: 'आरे वा नान देस् का?' म्हणजे, ते काय आहे? आमच्या मृणालने शिकवलं. तिला जपानी पर्यटकांची गाइड व्हायचं होतं. रोज संध्याकाळी मी गॅलरीत पर्यटक होऊन बसायचो आणि ती मला जपान दाखवायची. समोरची पाण्याची टाकी म्हणजे टोकियो टॉवर, लांबचा कर्नाळ्याचा सुळका म्हणजे फुजी पर्वत.

"फुजी म्हणे. बापलेकीला दुसरी कामं नाहीत," माझी बायको सुधा आतून भाजी निवडता निवडता म्हणायची.

डेंग्यूने आठवड्याभरात मृणाल गेली. त्यानंतर सुधा बोलेचना. चहा घेतेस का विचारलं, तरी नुसती मान हलवायची.

अस्थी घेऊन आम्ही हरिहरेश्वरला निघालो. मेहुणा गाडी चालवत होता, कलश सुधाच्या मांडीवर होता. पनवेल मागे पडलं आणि सुळका दिसला. सवयीने माझ्या तोंडून गेलं, "आरे वा नान देस् का?"

मेहुण्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

सुधाने कलश किंचित खिडकीकडे वळवला.

"अहो, किती वेळा सांगितलं तिने तुम्हाला," ती म्हणाली. "फुजी-सान देस्."