तिकीट मशीनची बॅटरी

हसा तुम्ही, पण त्या दिवशी माझी जाम टरकलेली. कल्याणच्या भंगारवाल्याकडून बस कंडक्टरचं जुनं तिकीट मशीन आणलेलं. उघडताना स्क्रूड्रायव्हर फुगलेल्या बॅटरीत घुसला आणि फस्सकन धूर! बॅटरी सांडशीत धरून गॅलरीत पळालो. विझवायला माती हवी, आणि आमच्या घरात माती एकाच कुंडीत, तुळशीच्या.

"आई, तुळस उपट! लवकर!"

आईने आधी चपला काढल्या. मग हात जोडले. "माते, जरा उठतेस का?"

"आई, फुटेल गं हे!"

"ओरडू नकोस, तुळस घाबरेल."

शेवटी तुळस सुटली आणि मी बॅटरी मातीत गाडली.

तुळस आता तेलाच्या डब्यात आहे. ती कुंडी रिकामी करायची अजून कुणाची हिंमत झालेली नाही. आई रोज तिलाही हात जोडते. दिवा मात्र लावत नाही.