कुलूप तुटलेले नाही

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी कुलूप-किल्लीचे दुकान, हल्ली घरबसल्या किरकोळ दुरुस्ती, राहणार बाजारामागची गल्ली, दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचे दार (सध्या दार नाही), आज रोजी ठाण्यात स्वतःच्या पायांनी येऊन, कोणाच्या दडपणाखाली नसताना सांगतो की,

मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. पत्नी गेल्या वर्षी वारली. एकुलता एक मुलगा परदेशात नोकरीस आहे. गल्लीत मला कुलूपकाका म्हणतात. ते नाव मी ठेवलेले नाही, पण हाक मारली तर ओ देतो.

माझ्या दाराचे कुलूप मी स्वतः बनवलेले आहे. ते दाराच्या फळीतच बसवलेले असल्याने आत कोणी आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. काल सकाळी आपल्या ठाण्याच्या दोन शिपायांनी पहार लावून दार उघडले. त्यात चौकट फुटली, बिजागऱ्या उखडल्या, भिंतीचा गिलावा पडला. कुलूप तुटलेले नाही. ही गोष्ट जबाबात पहिल्यांदा यावी असा माझा आग्रह होता. हवालदार म्हणाले, "काका, कुलूप शाबूत आहे ही काय तक्रार झाली?" मी म्हटले, "तक्रार पुढे येते आहे, आधी हे लिहा." त्याप्रमाणे लिहिले आहे.

सदर कुलपाच्या कालपर्यंत दोनच किल्ल्या होत्या. एक माझ्या करगोट्याला असते, दुसरी पत्नीच्या पर्समध्ये असायची. पर्स कपाटात होती तिथेच आहे. ज्याने जन्मभर गावाच्या किल्ल्या घासल्या त्याने आपल्या घराची तिसरी किल्ली करू नये, हा माझ्या धंद्याचा शिरस्ता आहे. त्यामुळे शेजारी कोणाकडे किल्ली नव्हती.

पत्नी गेल्यावर मुलगा आला होता. त्याने सांगितले की घर विकून टाका आणि माझ्याकडे चला, नाहीतर वृद्धांच्या निवासात तरी राहा, मी व्यवस्था करतो. मी साफ नकार दिला. दोन दिवस घरात भांड्याला भांडे लागत होते. शेवटी तडजोड अशी झाली की मी इथेच राहायचे, मात्र त्याने दिलेला फोन वापरायचा आणि बाजारहाट फोननेच करायची. रोज सकाळी पाव आणायचा तोही फोननेच. घर राखण्यासाठी पाव फोनने का घ्यावा लागतो, हे मला तेव्हा उमगले नाही. घर राहते आहे ना, एवढ्यावर मी हो म्हटले.

त्याने मला बेकरीत नेऊन शिकवले. "बाबा, काही दाबायचं नाही. फोन नुसता यंत्राजवळ धरायचा. टुंग वाजलं की झालं."

"आणि दुकानदार काय, टुंग खातो?"

"बाबा, लोक थांबलेत मागे."

मुलाच्या देशात म्हणे सगळेच असे चालते. रस्त्यात बाजा वाजवून पोट भरणाऱ्याच्या पुढ्यातही टोपीऐवजी यंत्र असते. माझी भाची आणखी तिसऱ्याच देशात असते. ती सांगते की तिच्याकडचा पाववाला नोटच मागतो आणि कार्ड दाखवले तर तोंड वाकडे करतो. म्हणजे जग पुढे गेले म्हणतात ते नक्की कोणत्या बाजूला, याचा खुलासा मला आजवर कोणी केलेला नाही.

आमच्या बेकरीत गेल्या वर्षापासून रोख घेणे बंद आहे. पूर्वी बेकरीवाला सुट्ट्याच्या बदल्यात हातावर गोळी ठेवायचा, तेव्हा मी भांडत असे. आता गोळीही गेली आणि भांडायला माणूसही राहिला नाही. काउंटरवर एक मुलगी असते. ती यंत्र पुढे सरकवते आणि मान खाली घालून आपल्या फोनमध्ये बघते. वर्षभर रोज जाऊनही तिने मला "कसे आहात" म्हणून विचारलेले नाही. अर्थात मीही तिला विचारलेले नाही.

मागच्या आठवड्यात मी बेकरीतून पावासोबत लोण्याचा डबा घेतला. घरी येऊन जोडा काढतो न काढतो तोच मुलाचा फोन आला.

"बाबा, लोणी घेतलंत?"

मी चाट पडलो. खोदून विचारल्यावर कळले की मी फोन कुठेही टेकवला की दुकानाचे नाव आणि रक्कम त्याच्या फोनवर त्याच क्षणी जाते. खाते माझे, पैसे माझे, खाणारे तोंड माझे, आणि निरोप त्याला. ही सोय त्याने मला न सांगता करून ठेवली होती. त्या दिवशीची रक्कम नुसत्या पावापेक्षा जास्त दिसली, त्यावरून त्याने लोणी ओळखले. हृदयाच्या डॉक्टरांनी मला लोणी बंद केले आहे हे खरे आहे. परंतु तो माझा आणि डॉक्टरांचा प्रश्न आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटले, "खिशात जासूस ठेवलास होय रे माझ्या? घास मोजतोस बापाचा?" तो म्हणाला, "बाबा, ऐकून तरी घ्या." मी ऐकून घेतले नाही. फोन बंद केला आणि कानशी ठेवतो त्या खणात टाकला.

त्यानंतर सगळा व्यवहार रोखीने करायचा असे मी ठरवले. ठरवणे सोपे होते. भाजीवालीने नोट उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "आजोबा, सुट्टे कुठून आणू? फोन नाही का?" चांभाराच्या पेटीवर यंत्र. बसच्या दारात यंत्र. केस कापणारा माझे जुने गिऱ्हाईक, त्याच्या गल्ल्याचे कुलूप मीच बसवले होते. त्याने तो गल्ला काढून तिथे कुंडी ठेवली आहे. माझ्या खिशात पैसे होते आणि मी बाजारात भिकाऱ्यासारखा फिरत होतो, हे मी रागाने सांगतो आहे आणि रागानेच लिहावे.

पुलापलीकडच्या बाजारात एक बाई अजून नाणी घेऊन पाव विकते असे कळले. बसला टॅप करावे लागते म्हणून मी चालत गेलो. तीन दिवस रोज सकाळी गेलो. जाऊन येईपर्यंत दुपार होत असे. पुलावर मला प्रत्येक वेळी कठड्याला धरून थांबावे लागले. हे मुलाला कळवू नये.

घराबाहेर पडताना मी स्वयंपाकघरातला दिवा आणि रेडिओ चालू ठेवून जातो. घरात माणूस आहे असे चोराला वाटावे, ही त्यामागची युक्ती आहे. नव्या गिऱ्हाइकाला मी ती कुलपासोबत फुकट सांगत असे. शेजाऱ्यांना मात्र कधी सांगितली नाही, कारण चोर कुठून ऐकेल सांगता येत नाही.

काल तिसऱ्या दिवशीही मी पुलापलीकडे गेलो असताना पुढील प्रकार घडला. तो मला खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सांगितला. त्या दोन दिवस बहिणीकडे गेल्या होत्या, त्यामुळे माझे जाणेयेणे त्यांनी पाहिलेले नव्हते. शिपाई आले आणि त्यांनी दार वाजवले. आत दिवा दिसत होता, रेडिओ चालू होता, ओ कोणी देत नव्हते. बाई घाबरून म्हणाल्या, "रेडिओ चालू आहे म्हणजे काका आतच आहेत हो! तोडा, तोडा दार!" कुलपावर आधी प्रयत्न झाला. मग पहार आणली.

मी पाव घेऊन जिना चढलो तेव्हा माझे दार भिंतीला टेकून उभे होते. शिवणवाल्या बाई मला पाहून जिन्यातच मट्‌कन खाली बसल्या. मी म्हटले, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय झालं ते विचारतोय आम्ही!"

स्वयंपाकघरात एक शिपाई हातात फोन धरून उभा होता. फोनमध्ये माझा मुलगा होता. त्याच्याकडे तेव्हा रात्र असावी. शर्टाची बटणे चुकीच्या काजांत लागली होती. त्याचे डोळे सुजलेले होते. त्याबद्दल मी काही विचारले नाही. मी एवढेच विचारले, "दार कोणी तोडलं?"

तो म्हणाला, "मी. मी तोडायला सांगितलं." मग म्हणाला, "तीन दिवस पाव नाही. फोन बंद. बेकरीत फोन केला, तर ती मुलगीच म्हणाली, काका तीन दिवस आले नाहीत, मी वाटच बघतेय. मी काय समजायचं, बाबा?"

मी म्हटले, "पाव नाही म्हणजे माणूस मेला काय?"

"रोज सकाळी पावाचा निरोप आला की मी झोपतो. वर्षभर असंच आहे. तुम्ही फोनवर सगळं ठीकच सांगता. आईचंही ठीकच सांगत होतात. दवाखान्यात नेलं तेव्हाही ठीकच. मला तिसऱ्या दिवशी कळलं, बाबा. सगळं उरकल्यावर."

त्याची तिकडे बढतीची परीक्षा होती आणि तो निघाला असता तरी वेळेत पोहोचला नसता, असा हिशेब मी त्या वेळी केला होता. पत्नीचेही म्हणणे तेच होते, त्याला उगाच घोर नको. काल हे सांगावे असे मनात आले. सांगितले नाही. पाव टेबलावर ठेवला.

त्याच वेळी शिपायाने हात अवघडला म्हणून फोन दुसऱ्या हातात घेतला. त्यात टेबल दिसले असावे. मुलगा म्हणाला, "बाबा, तो लोण्याचा डबाच ना?" शिपायाने डबा उचलून आत पाहिले आणि कोणी विचारलेले नसताना म्हणाला, "अर्धा संपलाय, साहेब." या शिपायाविरुद्ध माझी स्वतंत्र तक्रार आहे.

मुलाने शेवटी सांगितले की आता पुरे झाले, याच महिन्यात येऊन घर विकतो, तुम्हाला एकटे ठेवणार नाही. मी काही बोलण्याआधी फोन तुटला. रात्रभर बिनदाराच्या घरात मी खुर्चीवर बसून होतो. घर फोडले गेल्याचा राग होता, आणि हे घर आता जाते की काय याची धास्ती त्याहून जास्त होती. शिवणवाल्या बाई जिन्यात चटई टाकून बसल्या. मी जा म्हटले तरी गेल्या नाहीत.

तक्रार कोणाविरुद्ध, असे हवालदारांनी विचारले. मी आधी बेकरीतल्या यंत्राचे नाव सांगितले. यंत्राला आरोपी करता येत नाही असे समजले. मग त्यांनी विचारले की मुलाने खोटी खबर देऊन पोलिसांची धावपळ केली, असे लिहायचे का? तसे लिहू नये. खबर खोटी नव्हती. त्याला जेवढे कळत होते तेवढ्यावरून त्याने दिली, आणि जास्त कळू नये याची तजवीज मीच केलेली होती. चौकटीचा खर्च मी करीन. सुतार उद्या येणार आहे.

आज पहाटे मी खणातून फोन काढून चार्जिंगला लावला आणि त्याच खणातली कानस घेऊन तिसरी किल्ली घासली. ती शिवणवाल्या बाईंना दिली आहे. ठाण्यात येताना बेकरीत थांबून फोनने पाव घेतला. काउंटरवरची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, कसे आहात?" मी बरा आहे म्हणालो. मग कुरियरच्या दुकानात गेलो. तिथेही रोख चालत नाही. मी वाद घातला नाही. फोन टेकवला, टुंग वाजले. पाकीट देऊन पायरी उतरतो तोच मुलाचा निरोप आला: "बाबा, कुरियर? कोणाला काय पाठवलंत?"

मी तिथेच उभे राहून लिहिले, "तुला. आईची किल्ली." तो राहतो त्या इमारतीत दारेसुद्धा फोन टेकवून उघडतात असे ऐकतो, तेव्हा किल्लीचे तो काय करील मला माहीत नाही. त्याच्याकडे असावी एवढेच.

त्यावर त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. फोन चालू असून समोर हवालदारांच्या टेबलावर ठेवलेला आहे.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवत असताना मध्येच फोन वाजला. मी ठाण्याच्या व्हरांड्यात जाऊन बोललो. मुलगा काय बोलला तो या तक्रारीचा भाग नाही. घर विकण्याचा विषय निघाला नाही, लोण्याचा निघाला. परत आल्यावर मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचून घेतला. मी सांगितले तसाच उतरलेला आहे. फक्त पुलावर थांबावे लागले त्या वाक्यापुढचे "हे मुलाला कळवू नये" हे शब्द माझ्या सांगण्यावरून खोडावेत. ते मी त्याला आताच कळवले आहे.

समक्ष सही.