मिस्त्रीसमोर चालणारा ओव्हन

अरे चहा राहू दे, आधी वराळ्याच्या सखूमावशीचं ऐका! लेकीनं पहिल्या पगारातून आणलेला मायक्रोवेव्ह पाच मिनिटांत बंद पडायचा. मी दुरुस्तीला गेलो, तर पठ्ठ्या माझ्यासमोर मस्त चालला! फाट्यापर्यंत पोचतोय तोवर फोन: "आरं, परत बंद!"

असं तीनदा झालं! चौथ्यांदा मावशी अख्ख्या आळीसमोर म्हणाली, "तुला काय येतच न्हाई. दुसरा मिस्त्री बघते."

माझं डोकंच सणकलं. म्हटलं, "मावशी, आज हलतच नाही मी. तू रोजच्यासारखे बटाटे उकडायला ठेव."

तिनं बटाटे ठेवले, बटण दाबलं आणि ट्रंकेतून भरतकामाचं जाड कव्हर काढून ओव्हनवर चढवलं. गरम हवा जायच्या जाळ्या गच्च बंद!

"मावशी, हे काय?"

"नवा हाय न्हवं? धूळ बसंल. तू येनार म्हनलं की काढून ठेवते."

कव्हर काढलं, बटाटे उकडले, आळीनं टाळ्या वाजवल्या!

आज सकाळी परत फोन. "ओव्हन झ्याक चाललाय रं. पर टीव्हीचा डबा लय तापतोय."

मी एवढंच विचारलं, "मावशी, कव्हर कुठाय?"