'योरि' कुणाला लावायचं

नाही, नाही, रोवेना, परत उलटं लिहिलंस — जपानीत 'योरि' म्हणजे 'पेक्षा', ते ज्याला लागतं तो कमी पडतो. 'सोबा योरि उदोन' — सोबा नूडल्सपेक्षा उदोन नूडल्स बऱ्या. वृद्धाश्रमातल्या आजींशी बोलायचंय ना तुला, मग हे यायलाच हवं. पुढचं पान? थोरली बहीण, धाकटी बहीण — ते आपण सोडू. का म्हणजे काय? मला दोन मुली आहेत म्हणून.

थोरली चिझुरू, धाकटी सातोए. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा चिझुरू सेंदाई शहरातली नोकरी सोडून आली — तीन वर्षं त्याचं सगळं केलं, अगदी सगळं. सातोए नवीन वर्षाला टोकियोहून यायची, बापाला हसवायची, जायची. आणि मी — अंत्यविधीला जमलेल्या बायकांसमोर म्हणाले, "चिझुरूपेक्षा सातोएचाच बापावर जास्त जीव." का म्हणाले? थकले होते. — खोटं, थकले नव्हते. सातोए रडत होती आणि ही कोरड्या डोळ्यांनी चहा देत फिरत होती, त्याचा राग आला मला. माझ्या मागेच उभी होती गं, ट्रे घेऊन! सगळ्यांना चहा दिला, एप्रनची घडी घालून ठेवली आणि सकाळच्या गाडीने गेली. सात वर्षं झाली.

रडत नाहीये मी, हीटरची धग लागते डोळ्यांना. काल सातोएचा फोन आला — चिझुरूचं उद्या ऑपरेशन आहे, पोटात गाठ. आईला सांगू नकोस म्हणाली होती तिला. माझा नंबर दिसला की उचलत नाही ती — काल अकरा वेळा केला, आज सकाळी सहा वेळा. तुझा अनोळखी नंबर उचलेल. दे ना तुझा फोन — हे बघ, वाकून मागते, शिक्षिका असून वाकते तुझ्यापुढे — लागला. वाजतोय.

चिझुरू? मी — आई. ठेवू नकोस. ठेवू नकोस गं! मी बोलले ते खोटं होतं, तेव्हाही मला माहीत होतं — तुझे बाबा शेवटी तुझंच नाव घेत होते, तू औषध आणायला गेली होतीस, आणि मला हेवा वाटला, मी सांगितलंच नाही तुला... चिझुरू? आहेस ना?... हो. हो, तीनची गाडी आहे... आणते. आणते ना.

काय म्हणाली? जाड मोजे आण म्हणाली, इथे हॉस्पिटलात पाय गारठतात. एवढंच. — हा घे तुझा फोन, वही मिट, आज तास नाही. अगं, ऊठ म्हणते ना!