सूतनगरीचा फितूर

सन्माननीय अध्यक्ष आणि एके काळचे गिरणी कमिटीचे पुढारी अण्णा भुवड. व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांची नावं निवेदकांनी सगळ्या बिरुदांसकट आत्ताच घेतली म्हणून मी पुन्हा घेत नाही. आजचे सत्कारमूर्ती रघुनाथ शिवगण. आणि जुनी चाळ पाडून झालेल्या या टॉवरात वर चढलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो, तुम्हा सर्वांना नमस्कार.

मी शैला. माझं सासर गिरगावात, फणसवाडीत. नोकरी चिंचपोकळीच्या मराठी शाळेत झाली आणि तिथं चौथीला रघु माझ्या वर्गात होता. 'रघुच्या बाई' म्हणून मला आज बोलावलंय. गुरूनं शिष्याबद्दल चार गोड शब्द बोलावेत, अशी सेक्रेटरींची अपेक्षा आहे. गोड शब्द मी आधी उरकून घेते. रघु हुशार होता, त्याचं अक्षर सुंदर होतं, आणि मधल्या सुट्टीत तो डबा वाटून खायचा. झालं. आता उरलेलं बोलते.

रघुनं एक व्हिडिओ गेम केलाय. त्याला मोठं बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला, म्हणून हा सोहळा. आता मला खरं सांगा, या सभागृहात बसलेल्यांपैकी किती जणांनी तो खेळलाय? हात वर करा. पोरं सोडून. बघा! मग हार कशाबद्दल घातलात? फोटोबद्दलच ना? मी मात्र खेळले. माझ्या मुलीनं संगणकापुढं बसवलं, कुठलं बटण दाबायचं ते शिकवलं, आणि साठी उलटलेल्या या बाईनं अख्खी दिवाळी त्यात घालवली. तेव्हा तुम्हाला गोष्ट मीच सांगते.

सूतनगरी नावाचं एक जादूचं नगर आहे. तिथल्या साच्यांवर, म्हणजे मागांवर, कापड विणत नाहीत, काळ विणतात. नगराचा राजा म्हणजे एक दैत्य, आणि विणकरांनी त्याच्याविरुद्ध हात थांबवलेत. आपला संप तो, दुसरं काय! फक्त गिरणीच्या जागी किल्ला आणि मालकाच्या डोक्यावर शिंगं. तुळसा नावाची विणकराची मुलगी नायिका आहे. तिच्याकडे मंतरलेला धोटा आहे, मागावर आडवं सूत नेतो तो. भोंगा झाला की ती धोट्यावर बसते आणि मागच्या काळात जाते. तिथं तिनं काही बदललं की काळाला फाटा फुटतो आणि नगराचं पुढचं सगळंच निराळं होतं. एका फाट्यावर विणकर जिंकतात. एका फाट्यावर नगर जळतं. एकावर किल्ला पाडून काचेचे मनोरे उभे राहतात आणि विणकरांची नातवंडं त्यांच्या दारात पहारा करतात. हे रघुनं फार छान केलंय. ते बघताना मला रडू आलं, हे मी कबूल करते.

आणि काळाचा फाटा कुठं फुटतो, तेही रघुनं बारकाईनं ठरवलंय. तलवारीनं नाही फुटत. कुणीतरी एखादी गोष्ट बोलतं किंवा गिळून टाकतं, तिथं फुटतो. पोरानं विचार केलाय हो! आमच्या शाळेत असलं काही शिकवत नव्हते.

पण या खेळात एक माणूस असा आहे की तो कुठल्याच फाट्यावर बदलत नाही. तुळसा कितीही मागं जावो, कुठूनही वळो, हा माणूस सणाच्या सकाळी किल्ल्याच्या दरवाज्यातून आत शिरतो आणि दैत्याला विणकरांचं गुपित देतो. तो दिसला की पडद्यावर दोन वाक्यं येतात. 'दगड उचल' किंवा 'वाट सोड'. वाट सोडली तर नगर जळतं. दगड मारला तर तो मरतो, पुण्य मिळतं आणि पुढचा टप्पा उघडतो. त्याच्याशी बोलायचं बटण मी खूप शोधलं. ते नाहीच. त्या माणसाचं नाव 'फितूर दौलत'.

दौलत गोताड हे माझ्या वडिलांचं नाव. अगदी याच जागी जी चाळ होती, तिच्या दुसऱ्या मजल्यावर आमची खोली होती.

बघा, आता कसे सगळे ताठ बसलात! मघाशी तर वड्यांचा वास सुटल्यापासून मागच्या रांगा चुळबुळत होत्या.

रघु, मान वर कर. मी तुला फोन केला होता, आठवतंय? 'दौलत कोण?' असं विचारलं, तर तू म्हणालास, "बाई, दौलत म्हणजे कुणी नाही. फितुराला आपल्याकडे दौलतच म्हणतात ना?" मला वाटलं, थट्टा करतोयस. पण नाही, तू खरंच बोलत होतास. तू वाढलास त्या इथल्या चाळीच्या गॅलरीत पोरं पकडापकडी खेळायची. दुसरीकडे 'कोणावर राज्य?' असं विचारतात. इथं विचारायचे, 'कोणावर दौलत?' ज्याच्यावर दौलत, त्याला सगळ्यांनी चुकवायचं, त्याचा हात लागला की विटाळ. माझे वडील संध्याकाळी खाटेवर पडून ते ऐकायचे. संप होऊन गेल्यावर जन्मलेल्या पोरांना हा खेळ कुणी शिकवला? पोरं काही आईच्या पोटातून शिकून येत नाहीत. समोरच्या रांगेतल्या काकांनो, काकूंनो, तुम्ही शिकवलात. रघुनं फक्त त्याला रंग भरले आणि जगभर विकायला ठेवलं. आता म्हणे तो इंग्रजीत येणार, जपानीत येणार. म्हणजे जपानातली पोरंसुद्धा माझ्या बापाला दगड मारणार आणि पुण्य कमावणार.

मला राग आलाय. सत्काराच्या भाषणात असं बोलू नये, मला कळतं. पण आलाय.

संपाचं पहिलं वर्ष होतं. ज्यांनी गिरणी पाहिली नाही अशा तरुण मंडळींसाठी सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खांडेनवमीला, प्रत्येक खात्यात साच्यांची पूजा व्हायची. साचा पुसून घ्यायचा, हळद-कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा. बायकापोरं नटूनथटून गिरणी बघायला जायची, जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, पेढे वाटायचा. त्या वर्षी साचे तसेच पडून होते. धुळीत. घरी कोकणातला माणूस विळ्याकोयत्याचीसुद्धा पूजा करतो, आणि ज्याच्यावर पोट चाललं त्या साच्याला नवमीला कुंकू नाही, हे माझ्या वडिलांना सहन होईना. "संप मालकाशी हाय. साच्यानं आपलं काय वाकडं केलान?" असं ते आईला म्हणाले. म्हणून ते नारळ आणि माळ घेऊन गेले. गेटवरचा पहारेकरी गाववाला होता, त्यानं सोडलं.

शहाण्या माणसानं असं केलं असतं का? नसतं केलं. संपात गेटाच्या आत पाऊल टाकायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. चूक होतीच. पण ती साच्यावर जीव असलेल्या माणसाची चूक होती.

ते बाहेर आले तेव्हा हाताला कुंकू होतं आणि पिशवीत नारळाची भकलं. गेटासमोर गर्दी जमली होती. कुणीतरी ओरडलं, "दौलत कामावर गेला!" पहिला दगड कपाळाला लागला. कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं, ते आईलाही धुताना कळलं नाही.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही कधी बोलणार नाही, म्हणून मी बोलते. नळावर माझ्या आईची बादली आली की बाकीच्या बादल्या सरकायच्या. गावच्या मंडळाच्या खोलीत वडिलांना पंगतीला बसू दिलं नाही. शिमग्याला गावी गेलो तर पालखी आमच्या दारावरून तशीच पुढं गेली. ते वारले तेव्हा गॅलरीत दारं लागली होती. खांदा द्यायला रे रोडच्या वखारीतून माझा मामा आला आणि त्याच्याबरोबर लाकडं उचलणारे तिघं आले. त्यातला एक उत्तर भारतातला होता, एक मुसलमान होता. त्यांना कुणाला फितुरी ठाऊक नव्हती.

आणि ते चौघं का आले? कारण वडील त्याच वखारीत हमाली करत होते. आता हिशोबी माणसांनो, मला एक समजवा. जो मालकाला फितूर झाला, जो कामावर गेला, तो माणूस मरेपर्यंत वखारीत ओंडके का उचलत होता? साच्यावर का नव्हता? त्याला मालकानं बक्षीस का दिलं नाही? इतक्या वर्षांत हा प्रश्न एकालाही पडू नये? चाळीत तर कुणाच्या आमटीत मीठ जास्त पडलं, तेही तुम्हाला कळत होतं.

सेक्रेटरी, घड्याळ दाखवू नका. मला दिसतंय. आभाराचं भाषण कापा, माझं नको.

रघु, तुझ्यावर मी चिडले होते. मुलीनं खेळ लावला, त्या दिवशी माझी आई बाजूला बसली होती. पडद्यावर तो दरवाजा आला, नारळ नसलेला दौलत आला, दगड आला. आई म्हणाली, "ह्यात त्यो दुसरा मानूस कुटं हाय?" मी विचारलं, "कोण दुसरा?" तेव्हा तिनं मला जे सांगितलं, ते तिनं आजवर माझ्यापासूनही लपवलं होतं. वडिलांनी तिला शपथ घातली होती. ती शपथ तिनं त्या दिवशी मोडली. म्हणाली, "त्येंनी मानसांसमोर नको म्हटलेलं. आता तर हे यंत्रात गेलं."

नवमीच्या सकाळी ती वडिलांबरोबर गेटापर्यंत गेली होती. कुंकवाची कुयरी तिच्या हातात होती. वडील परस्पर आत गेले नाहीत. कमिटीचा माणूस गेटावर उभा होता, त्याला त्यांनी रीतसर विचारलं, "साच्याची पूजा करून येव का?" त्या माणसाचा साचा वडिलांच्या साच्याला लागूनच होता. तो इकडं तिकडं बघून म्हणाला, "जा, पन बेगीन ये. आनि दौलत, माज्या साच्याला पन कुकू लाव."

दोन साच्यांची पूजा झाली त्या दिवशी. एक माळ तोडून दोन केल्या.

मग गर्दी जमली, आरडाओरडा झाला, आणि तो माणूस तिथंच उभा होता. 'मी सोडलाय त्याला', एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला नाही. कमिटीच्या माणसानंच एकाला आत सोडलं, हे कळलं असतं तर कमिटीवरचा विश्वास उडाला असता, संप तिथंच डळमळला असता, असं त्याला वाटलं असेल. त्याला वाटलं असेल हे मी समजू शकते. कारण माझ्या वडिलांनाही नेमकं तेच वाटलं. म्हणून त्यांनीही नाव घेतलं नाही. कपाळाला टाके पडले तरी नाही, नळावरून आई रडत आली तरी नाही. संप टिकावा म्हणून ते गप्प राहिले. तुझ्या सूतनगरीतला सगळ्यात इमानी विणकर हा दौलतच होता, रघु, आणि त्यालाच मारायला तू दगड ठेवलास.

पण संप संपला. गिरणी बंद झाली. चिमणी पडली. चाळ पडली आणि हा टॉवर झाला. आता कुठला विश्वास उडणार होता? कुठली कमिटी फुटणार होती? मग पुढची इतकी वर्षं तो माणूस कशासाठी गप्प राहिला? सत्यनारायणाला आला, गणपतीच्या मंडपात मिरवला, ध्वजवंदनाला भाषणं केली. माझ्या वडिलांच्या मयताला मात्र त्याचंही दार लागलेलं होतं.

अण्णा, पाणी प्या. घाई नाही.

मी नाव घेतलं नव्हतं. पण आता सगळे तुमच्याकडेच बघतायत, त्याला माझा इलाज नाही.

रघु, तुला एवढंच सांगते. खेळ इंग्रजीत जाण्याआधी त्या दरवाज्यावर बोलायचं बटण ठेव आणि दौलतच्या हातात नारळ दे. ते तुझ्या हातात आहे आणि तू ते करशील, कारण तू मुळात बरा मुलगा आहेस. पण तो खेळ आहे. तिथं तुळसा मागं जाऊ शकते. माझ्याकडे धोटा नाही. माझ्याकडे एक आई आहे, सुभद्रा गोताड. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, हिरव्या लुगड्यात. या टॉवरची पायरी ती आज पहिल्यांदा चढली, आणि ती रघुचा सत्कार बघायला आलेली नाही.

मंडळानं मला बोलावलं, बोलू दिलं, मध्ये हात धरून खाली बसवलं नाही, याबद्दल मंडळाचे मनापासून आभार. पाहुण्यांचा वेळ घेतला, वडे गार झाले, रघुच्या आनंदात मिठाचा खडा पडला, या सगळ्याबद्दल मोठ्या मनानं मला क्षमा करा. अध्यक्षीय भाषण शेवटी असतं, पण आज मी ते आत्ताच मागते.

अण्णा, उठा. माईक इथं ठेवलाय. आणि जरा मोठ्यानं बोला, आईला हल्ली कमी ऐकू येतं.