त्याला सोडू नकोस

— आवाज माझाच आहे हो, नाही कोण म्हणतंय? पण तुम्ही पंच मंडळी त्याचा जो अर्थ लावताय ना, तो नाही. ‘त्याला सोडू नकोस.’ बोलले. रेडिओवर, सहाव्या फेरीत, मीच बोलले. आता सोडू नकोस म्हणजे काय? पुढे सोडू नकोस! वाट अडव, आतल्या बाजूला फट ठेवू नकोस — शर्यतीत बहीण भावाला दुसरं काय सांगणार? की त्या निळ्या गाडीला ‘या, बसा, पाणी घ्या’ म्हण, असं सांगणार? मोसमाची पहिली शर्यत, साहेब. सगळी सुट्टी आम्ही दोघं त्या पिवळ्या गाडीखाली पाठ टेकून होतो, आणि पहिल्याच दिवशी तुम्ही बारक्याचं लायसन्स काढून घेणार — बारक्याच म्हणते मी त्याला अजून, एवढा घोडा झाला तरी — तर तो करील काय? दुसरं काही येतच नाही त्याला. गाडी चालवता येते, आणि गप्प बसता येतं.

आणि मारामारी कुणी सुरू केली ते बघा ना आधी! सुटतानाच निळ्याने आमचा आरसा उडवला. मग वळणावर दाराला दार — घासलं नाही हं, ठोकलं, पत्रा आत, पार बारक्याच्या गुडघ्यापर्यंत. मग मागून धडक, परत धडक, तीही सरळ रस्त्यावर, जिथे मारायचं काही कारणच नाही — बंपर अर्धा सुटून चाकाला घासत होता, जळक्या रबराचा वास आमच्या कठड्यापर्यंत. तेव्हा तुमचे झेंडेवाले काय झोपा काढत होते? हो, हो, माहीत आहे, भातुकलीचा खेळ नाही, धक्काबुक्की चालायचीच — मला नका शिकवू, माझा जन्म गेला यात.

हो. निळी गाडी माझा नवरा चालवतो. माहीत असून विचारताय. बहीण-भाऊ एका संघात, नवरा दुसऱ्या — पेपरवाल्यांना भारी गंमत वाटते त्याची, विचारतात, घरी जेवताना काय बोलता हो तुम्ही? काय बोलणार! तो बोलतो, मी वाढते.

नंतर? नंतर रेडिओवर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. हेडफोन काढला मी. तेवढं बोलले आणि काढून आपटला — का म्हणजे, कान ठणकत होता. हा, डावा. कपाटाचं दार लागलं. ...असं बघू नका माझ्याकडे. बरं, घ्या, केस बाजूला करते, बघा नीट. कपाटाला पाच बोटं असतात का हो? झालं समाधान? काल सरावात बारक्या नवऱ्याच्या पुढे आला — हा हरला तिकडे, आणि कानाखाली काढली माझ्या. नवीन काय त्यात? एरवी दिसणार नाही अशा जागी मारतो, तेवढी अक्कल आहे त्याला. काल नेम चुकला. सकाळी हेडफोन लावताना बारक्याने बघितलं. बघितलं, हेल्मेट चढवलं आणि जाऊन गाडीत बसला.

— नाही, नाही, थांबा! म्हणजे म्हणून बारक्याने मुद्दाम गाडी अंगावर घातली, असं नका जोडू तुम्ही! बाहेर तोंडाला कुलूप लावून बसलाय म्हणून तो गुन्हेगार? हे बघा — खाली ठेवा ते पेन, किंवा नका ठेवू, लिहाच. पुढे सोडू नकोस वगैरे सगळं खोटं. निळी गाडी बाजूला आली, काचेत त्याचं हेल्मेट दिसलं, आणि माझ्या पोटातून आलं ते — जिवंत सोडू नकोस. घाल भिंतीवर, हाडं मोड, चेंदामेंदा कर त्याचा. हा अर्थ. आणि झालंच तसं! उलटली, छपरावर घसरत गेली, वाळूत कोलांट्या, दार एकीकडे, चाक एकीकडे, माणसं किंचाळायला लागली — आणि मी टाळ्या वाजवल्या, साहेब. एकटीने. शेजारचा मेकॅनिक तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिला. नवऱ्याला ओढून काढलं तर पाय भलतीकडे वळलेला, रक्ताने अंगावरचा कपडा ओळखू येईना, आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं, हात शाबूत दिसतायत. मोडले का हो हात? एकच? कुठला? ...डावा. मग काय उपयोग. मारतो तो उजव्याने.

तर दोष माझा. आई गेल्यापासून बारक्या माझ्या शब्दाबाहेर नाही. मी म्हटलं मार, त्याने मारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी हात उचलला हो! त्याचं लायसन्स राहू द्या. माझ्यावर बंदी घाला, पोलिसांना बोलवा, काय करायचं ते करा.

काय? रेकॉर्डिंग पुढे आहे अजून? बारक्याचा आवाज? लावा.

...परत लावा.

‘जाऊ दे, ताई.’ — माझ्यानंतर लगेच बोलला हा? आणि बाजू दिली? अख्खी गाडीभर वाट सोडली, आणि तरी निळाच याच्या अंगावर वळला, आणि स्वतःच उलटला. तुमच्याकडे चित्रण आहे त्याचं. म्हणजे बारक्याला तुम्ही काही करणारच नव्हता! मग मला कशाला बोलावलंत? ...आवाज माझाच ना, एवढंच विचारायला? आणि मी पाण्यासारखं ओतत बसले. तो बाहेर गप्प आहे तोही माझ्यापायी, मी काय बोलले ते सांगावं लागू नये म्हणून.

हो, समजलं. जाऊ दे म्हणजे पुढे जाऊ दे. तुम्हाला तसंच ऐकू येणार, त्या शब्दांनीच तर सुटला बारक्या. मला नका अर्थ सांगू. पहिल्यांदा माहेरी आले होते ओठ फुटून, तेव्हा आईनेही हेच सांगितलं होतं, हळद लावता लावता. सासू म्हणते, शेजारीण म्हणते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. फक्त हा तेवढा कधी म्हणाला नव्हता. सकाळी कान बघितला ना रे माझा — आणि जाऊ दे?

नवरा शुद्धीवर आलाय म्हणता? बरा होऊन घरी येईल? येणारच. सुटले सगळे.

उठते मी. नाही, बारक्याला आत नका पाठवू. तुमच्या या मागच्या दाराने जाते. विचारलंच त्याने, ताई काय म्हणाली, तर सांगा — जाऊ दे म्हणाली.