पाठमोरी बाई

सोलापूर स्टँडवर सांगोल्याच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकड्यावर मायलेकी होत्या.

"चित्रं तर तुला आदीच येत हुती. मग पुण्याला दोन वर्सं काय शिकवत्यात?"

"गोष्टीची चित्रं काढायला. पानापानावर तेच माणूस वाटलं पायजे, आई."

"त्यात काय शिकायचं?"

"लई अवघड असतंय. माझ्या गोष्टीतली बाई दर पानावर वेगळीच दिसायची. सर म्हणले, शेवटच्या पानापतूर तोंड दावूच नको. पाठमोरी काढ, तरी वळकू आली पायजे."

"पाठीवरनं माणूस वळकतंय व्हय?"

"हे घे पुस्तक. बघ की."

"मेंढरामागं चाललीय. हितं पाणी आणतीय... आगं, हा वाकडा खांदा माझा हाय."

"तुझाच की."

"माझी पाठ कवा बघत बसलीस तू?"

"मेंढरं घिऊन लांब जायचा तवा मला वसतिगृहात सोडायचीस की. फाटकातनं दिसायचीस, वळणापतूर."

"वळून बघितलं असतं, तर पाय निघाला नसता बाई."

"ठावं हाय. म्हणून शेवटच्या पानावर वळवलीय तुला."

पान उलटल्याचा आवाज आला.

"नाक लई मोठं काढलंयस."